स्प्रिंगचा एक वेढा कापला तर गाडी किती बसते?

सप्टेंबर १९७४ मध्ये इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी या दोन आसनी उघड्या गाडीची नवी आवृत्ती बाहेर पडली, तेव्हा तिच्या नाकावरचा चकचकीत क्रोमचा बंपर जाऊन तिथे काळ्या रबरी आवरणाचा जाडजूड बंपर आला होता आणि सबंध गाडी आधीच्यापेक्षा सुमारे एक ते दीड इंच उंच झाली होती. यामागे कोणा अभियंत्याला सुचलेली सुधारणा नव्हती. बंपर ठरावीक उंचीवर असावा आणि हळू वेगाच्या धडकेत टिकावा, असा नियम अमेरिकेत आला होता, आणि एमजीबीची मोठी बाजारपेठ तिथेच होती. नव्याने गाडी आखण्याऐवजी आहे तीच गाडी उचलण्याचा सोपा मार्ग निवडला गेला. उंचीबरोबर गुरुत्वमध्य वर गेला, वळणावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलू लागली, आणि ते सावरण्यासाठी १९७६ मध्ये कंपनीला पुढे-मागे अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या भुजा जोडून गाडीचे कलणे रोखणारे पोलादी दांडे, बसवावे लागले.

या रबरी बंपरच्या गाड्या बाळगणारे शौकीन तेव्हापासून त्या पुन्हा खाली बसवत आले आहेत. त्यांचा हट्ट केवळ दिसण्यापुरता नाही, कारण ते मूळ आराखड्याकडेच परत जात असतात. मात्र त्यासाठी सर्वात स्वस्त म्हणून जो उपाय सांगितला जातो, म्हणजे पुढच्या स्प्रिंगचा थोडा भाग कापून टाकणे, तो जितका सरळ दिसतो तितका नाही. या लेखात एमजीबीचेच आकडे घेऊन तो उपाय नीट समजून घेऊ. जुन्या काळातल्या इतर अनेक गाड्यांची पुढची बाजू याच तत्त्वावर बांधलेली असल्याने तोच हिशेब थोड्याफार फरकाने तिथेही लागू पडतो.

प्रथम रचना पाहू. एमजीबीच्या प्रत्येक पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक अशा दोन भुजा धरून ठेवतात. खालची भुजा बेचकीच्या आकाराची असते, तिला विशबोन म्हणतात. वरची भुजा मात्र वेगळी आहे: तिथे आर्मस्ट्राँग कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा दांडाच भुजेचे काम करतो. खालच्या विशबोनवर एक पसरट ताटली बोल्टने बसवलेली असते, त्या ताटलीत स्प्रिंगचे खालचे टोक आणि वर पुढच्या आडव्या तुळईच्या कप्प्यात तिचे वरचे टोक बसते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. स्प्रिंग चाकाच्या डोक्यावर बसलेली नाही. भुजेचा आतला सांधा आणि चाक यांच्या साधारण मध्यावर ती आहे. त्यामुळे भुजा तरफेसारखी काम करते. चाक २० मिलिमीटर वर गेले तर स्प्रिंग सुमारे १० मिलिमीटरच दबते, आणि चाकावर जितका भार असतो त्याच्या साधारण दुप्पट भार स्प्रिंगला पेलावा लागतो.

आता स्प्रिंग. क्रोम बंपरच्या उघड्या एमजीबीसाठी कारखान्याच्या दुरुस्ती पुस्तिकेत पुढच्या स्प्रिंगचे मोजमाप दिलेले आहे: मोकळी उंची ९.९ इंच, म्हणजे सुमारे २५१ मिलिमीटर. तारेची जाडी साधारण १२.६५ मिलिमीटर, वेढ्याचा सरासरी व्यास ८२ मिलिमीटर, काम करणारे (म्हणजे टोकाला नुसते टेकलेले सोडून प्रत्यक्ष दबणारे) वेढे साडेसात, आणि १०३० पौंड, म्हणजे ४६७ किलो भाराखाली उंची ७ इंच, म्हणजे १७८ मिलिमीटर. याचा अर्थ गाडी नुसती उभी असताना ही स्प्रिंग ७३ मिलिमीटरच्या आसपास दबलेली असते. ४६७ ला ७३ ने भागले की एक मिलिमीटर दाबायला सव्वासहा-साडेसहा किलो लागतात हे कळते. हाच तिचा कडकपणा.

कडकपणा कशाने ठरतो? तारेच्या जाडीने सर्वात जास्त, कारण जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो; तार नुसती ५ टक्के जाड घेतली तरी स्प्रिंग सुमारे २१ टक्के कडक होते. त्याखालोखाल वेढ्याच्या व्यासाने: व्यास वाढला की तिसऱ्या घाताने कडकपणा घटतो. उरली वेढ्यांची संख्या, तिचा संबंध सरळ व्यस्त आहे. वेढे कमी केले की त्याच प्रमाणात स्प्रिंग कडक होते. साडेसातातून एक वेढा गेला तर साडेसहा उरतात आणि कडकपणा सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. अर्धाच वेढा गेला तर ७ टक्क्यांनी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वेढे कमी झाले म्हणजे उरलेल्यांवर जास्त भार पडतो आणि ते लवकर मोडतात, असे सर्रास बोलले जाते. वस्तुतः स्प्रिंगचे वेढे भार वाटून घेत नाहीत. वरून आलेला ४६७ किलोचा भार पहिल्या वेढ्यातून जसाच्या तसा दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा खालपर्यंत जातो. प्रत्येक वेढा तो पूर्ण भार सोसतो आणि आपल्या वाट्याचे दबणे दबतो. एमजीबीत हे वाट्याचे दबणे जवळपास पावणेदहा मिलिमीटर आहे. एक वेढा काढून टाकला तरी उभ्या गाडीत उरलेला प्रत्येक वेढा तेवढाच दबलेला राहतो, कारण गाडीचे वजन बदललेले नाही.

हे एकदा पटले की शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर हाती येते. बहुतेक जण कापलेल्या तुकड्याची उंची मोजतात आणि गाडी तेवढीच खाली येईल असे धरतात. स्प्रिंग बाहेर काढलेली असताना एमजीबीच्या दोन लागोपाठच्या वेढ्यांमधले अंतर, तारेच्या मध्यापासून तारेच्या मध्यापर्यंत, सुमारे ३१ मिलिमीटर भरेल. पण एक वेढा कापल्यावर उंची ३१ ने कमी झाली तरी स्प्रिंग कडक झाल्यामुळे ती आता पावणेदहा मिलिमीटर कमी दबते. वजाबाकी केली की सुमारे २१ मिलिमीटर उरतात, आणि हे नेमके गाडी चाकांवर उभी असताना दोन वेढ्यांत दिसणारे अंतर आहे. म्हणजे सूत्रे बाजूला ठेवली तरी चालेल. गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, चाकाच्या आत डोकावून दबलेल्या स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमधले अंतर मोजावे. एक वेढा काढल्यास स्प्रिंग तेवढीच बुटकी होणार आहे.

तरफ विसरू नये. स्प्रिंग २१ मिलिमीटरने बुटकी झाली तर गाडीची पुढची बाजू त्याच्या दुपटीने, म्हणजे ४० मिलिमीटरपेक्षा थोडी जास्तच खाली येते. एक इंच खाली आणण्याची इच्छा असलेल्या माणसाने हौसेने सबंध वेढा कापला तर गाडी दीड इंचाहून जास्त बसते, आणि कापलेली स्प्रिंग जोडता येत नाही. इंचभरासाठी अर्ध्या वेढ्याहून किंचित जास्त पुरे होते. म्हणूनच जाणते कारागीर आधी पाव किंवा अर्धा वेढा काढतात, गाडी जुळवून पाहतात, मोजतात आणि मग पुढचा विचार करतात. त्यासाठी सगळे दोनदा खोलावे लागते. कंटाळवाणे आहे, पण नव्या स्प्रिंगांच्या जोडीपेक्षा ते स्वस्त पडते.

खरी अडचण पुढेच आहे, आणि तिच्याकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते. खड्ड्यात किंवा उंचवट्यावर चाक वर जायला काही ठरावीक जागा असते. ती संपली की भुजा रबरी ठोकळ्यावर आदळते. हा ठोकळा गाडीच्या सांगाड्याला बसवलेला असल्याने गाडी जेवढी खाली येते तेवढी ही जागा थेट कमी होते. समजा, मूळ गाडीत चाकाला ठोकळ्यापर्यंत ६० मिलिमीटर वाव आहे. अर्धा वेढा कापून गाडी २१ मिलिमीटर खाली आणली तर ३९ उरतात. पूर्ण वेढा कापला तर १८. स्प्रिंगमध्ये साठवली जाणारी जादा ऊर्जा कडकपणाच्या प्रमाणात आणि दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे पूर्वी जो दणका ६० मिलिमीटरमध्ये पचत होता तोच ३९ मिलिमीटरमध्ये पचवायचा, तर ढोबळ हिशेबाने स्प्रिंग सुमारे २.४ पट कडक हवी. अर्धा वेढा कापल्याने ती वाढली किती, तर ७ टक्के. १८ मिलिमीटरमध्ये पचवायचा असेल तर ११ पट कडक हवी, आणि मिळाली १५ टक्के. रस्त्यावर शॉक अ‍ॅब्सॉर्बरचीही मदत होते, त्यामुळे हे आकडे शब्दशः घेऊ नयेत; परंतु फरक किती प्रचंड आहे ते त्यांतून स्पष्ट दिसते.

कापलेल्या स्प्रिंगची गाडी कडक लागते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तो कडकपणा बहुधा स्प्रिंगचा नसतोच. सात-पंधरा टक्क्यांचा फरक सामान्य चालकाच्या पाठीला क्वचितच कळतो. गाडी प्रत्येक मोठ्या खड्ड्यात रबरी ठोकळ्यावर बसत असते, आणि मणक्याला जाणवतो तो हा ठोकळा. काही जण यावर ठोकळाच काढून टाकतात किंवा अर्धा तासून ठेवतात. ठोकळा अर्धा केला तर वाव थोडा वाढतो हे खरे, पण तो पूर्ण काढला तर लोखंडावर लोखंड आदळू लागते आणि एमजीबीसारख्या गाडीत तो मार शेवटी शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या सांध्यांना आणि त्याच्या बोल्टना बसतो. माझ्या मते रस्त्यावर चालवायच्या गाडीत ठोकळ्याला हात लावण्याची वेळ आली, तर आधी उंचीचाच फेरविचार करावा.

वरच्या दिशेचा वाव कमी होतो तसा खालच्या दिशेचा वाढतो, आणि त्यात निराळाच धोका आहे. गाडी जॅकवर घेतली किंवा एक चाक खोल खड्ड्यावरून अधांतरी गेले की भुजा पूर्ण खाली लोंबते. तेव्हाही स्प्रिंग दोन्ही टोकांनी आपल्या बैठकीत घट्ट दबलेली राहिली पाहिजे. मूळ गाडीत भुजा लोंबताना स्प्रिंगची जागा ३० मिलिमीटरने वाढते असे धरले, तर ७३ पैकी ४३ मिलिमीटरची पकड शिल्लक असते. प्रत्येक कापलेल्या वेढ्यामागे ही पकड ३१ मिलिमीटरने, म्हणजे त्या वेढ्याच्या मोकळ्या उंचीइतकी घटते. एका वेढ्यानंतर ती १२ वर येते आणि दुसरा वेढा कापला की स्प्रिंग सुटी होते. सुटी झालेली स्प्रिंग चाक परत खाली टेकताना वाकडी बसू शकते, ताटलीच्या कडेवर चढू शकते किंवा एखाद्या वेळी निसटूही शकते. भरमसाट कापलेल्या स्प्रिंगा तारेने बांधून ठेवलेल्या कधीकधी दिसतात, तो याच दोषावरचा उपाय असतो.  अशी गाडी घेताना स्प्रिंगा बदलण्याचा खर्च धरूनच मोलभाव करावा.

कापायचे कसे हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, परंतु त्यातही चुकीची पद्धत फार रुळलेली आहे. स्प्रिंग गाडीतच ठेवून तिच्या वेढ्यांवर गॅसची ज्योत धरायची आणि गाडी हवी तितकी बसली की थांबायचे, ही ती पद्धत. स्प्रिंगचे पोलाद साधे नसते. ते लालभडक तापवून तेलात विझवलेले असते आणि नंतर काहीशे अंशांवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढलेला असतो. ही दुसरी पायरीच त्याला लवचिकता देते. ज्योतीने एखादा भाग पुन्हा लाल केला की तिथली ही घडण नाहीशी होते. तो भाग मऊ पडून महिनोन्महिने बसतच राहतो, आणि जर चुकून त्यावर पाणी पडले किंवा तो झपाट्याने थंड झाला, तर काचेसारखा ठिसूळ होतो. दोन्ही बाजूंना सारखी उष्णता देणे तर कोणालाच जमत नाही, त्यामुळे गाडी एका बाजूला झुकते. ज्योतीने तापवलेली स्प्रिंग रस्त्यावर आणूच नये.

योग्य मार्ग म्हणजे स्प्रिंग बाहेर काढून ग्राइंडरच्या पातळ कापणाऱ्या चकतीने टोकाकडून तुकडा काढणे. चकतीने तापणारा भाग काही मिलिमीटरचाच असतो आणि तो टोकाशी असतो, जिथे तार काम करत नाही, नुसती टेकलेली असते. एक वेढा टोकापासून कुठवर, हे खडूने नीट आखून घ्यावे, आणि दोन्ही स्प्रिंगांवर एकाच वेळी खूण करून मग कापावे. एक कापून, जोडून, पाहून मग दुसरी त्या मापाने कापायला गेले की दोघींत दोन-चार मिलिमीटरचा फरक हमखास पडतो, आणि तरफेमुळे तो चाकापाशी दुप्पट दिसतो.

टोकाची घडण मात्र आधी पाहावी. काही स्प्रिंगांचे टोक तसेच फिरत फिरत संपते आणि बैठकीत त्यासाठी चढती खाच केलेली असते. अशा टोकाकडून कापले तर नवे टोक त्याच खाचेत बसू शकते. इतर स्प्रिंगांचा शेवटचा वेढा मिटवून सपाट घासलेला असतो. त्या टोकाकडून कापल्यावर जे उघडे, तिरपे टोक राहते ते सपाट ताटलीवर एकाच बिंदूत टेकते, स्प्रिंग दबताना बाजूला फुगते आणि कडेला घासते. शेवटचा अर्धा-पाऊण वेढा तापवून पुन्हा सपाट बसवणे शक्य असते, परंतु ते लोहारकाम जाणणाऱ्याचे काम आहे. तापलेला भाग पुढच्या कामाच्या वेढ्यात शिरता कामा नये. एवढी यातायात करण्यापेक्षा त्या मापाची नवी, बुटकी स्प्रिंग वळून घेणे शहाणपणाचे ठरते. मागणीप्रमाणे स्प्रिंग वळून देणारे कारखाने पुणे-मुंबई परिसरात आहेत, आणि त्यांना मोकळी उंची, भाराखालची उंची, तारेची जाडी व टोकांची घडण एवढे सांगितले की पुरते. एमजीबीच्या बाबतीत तर तयार बुटक्या स्प्रिंगा इंग्लंडमध्ये अजून सहज मिळतात.

स्प्रिंग काढताना जी सावधगिरी घ्यायची तिच्याबद्दल थोडे. उभ्या गाडीतल्या एमजीबीच्या एका स्प्रिंगमध्ये सुमारे १६८ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. ताशी १६० किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत साधारण तेवढीच असते. फरक इतकाच की इथे चेंडूच्या जागी काही किलो वजनाचे पोलाद आहे आणि समोर पॅड न बांधलेला माणूस वाकून बसलेला आहे. म्हणून ताटलीखाली जॅक लावल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये. ताटलीचे दोन बोल्ट काढून त्यांच्या जागी लांब आट्यांच्या सळया घालायच्या, उरलेले बोल्ट मग काढायचे आणि सळयांवरचे नट आलटून पालटून फिरवत ताटली हळूहळू खाली आणायची, ही पद्धत वेळखाऊ असली तरी खात्रीची आहे. गाडी स्वतः मजबूत स्टँडवर असावी हे वेगळे सांगायला नको.

खाली आणलेल्या गाडीच्या चाकांचे कोनही बदलतात. एमजीबीच्या पुस्तिकेत पुढची चाके वरच्या बाजूला एक अंश बाहेर झुकलेली असावीत असे आहे; गाडी खाली आली की वरची व खालची भुजा वेगवेगळ्या लांबीच्या असल्याने ती थोडी आत झुकू लागतात. हा बदल वळणावर फायद्याचाच असतो आणि मूळ गाडीत हा कोन जुळवायची सोय नसल्याने त्याबाबत फार काही करताही येत नाही. चाकांच्या पुढच्या कडांमधले अंतर मात्र नक्की तपासावे. ते मागच्या कडांपेक्षा दीड ते अडीच मिलिमीटरने कमी असावे असे कारखान्याने सांगितले आहे, आणि स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बदलल्याने हे माप हमखास बिघडते. अलाइनमेंट न करता गाडी चालवली तर टायरची कड काही हजार किलोमीटरांत खाल्ली जाते.

याहून सूक्ष्म अशा दोन गोष्टी आहेत. स्टिअरिंगचा दांडा आणि खालची भुजा जोवर एकमेकांशी सुसंगत कोनात वर-खाली होतात, तोवर चाक उंचवट्यावरून जाताना सरळ राहते. उंची फार बदलली की ही सुसंगती बिघडते आणि खड्ड्यातून जाताना स्टिअरिंग न हलवताही गाडी जरा बाजूला ओढते. दुसरी गोष्ट अनेकांना उलटी वाटेल. वळणावर गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू भुजांच्या कोनावरून ठरतो आणि गाडी खाली आणली की तो बहुतेक वेळा गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली उतरतो. परिणामी दोहोंमधले अंतर वाढते आणि गाडीला कलवणारी तरफ लांब होते. गाडी ठेंगणी होऊनही वळणावर आधीइतकीच किंवा किंचित जास्त कलली, असे ज्यांना आढळते त्यांची समजूत चुकीची नसते. त्यावर उपाय म्हणजे जाड अँटी-रोल बार. आणखी खाली आणणे हा नव्हे.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अर्ध्या वेढ्याने कडकपणा ७ टक्के वाढतो, तेवढे चांगल्या स्थितीतला मूळ आर्मस्ट्राँग सांभाळून घेतो. त्याचे तेल पातळ झालेले किंवा दांड्याचा आस झिजलेला असेल तर तो दोष मात्र खाली आणलेल्या गाडीत उठून दिसतो, आणि वरची भुजाही तोच असल्याने त्याची झीज थेट चाकाच्या कोनात उतरते.

मग स्प्रिंगला हात न लावता गाडी खाली आणता येत नाही का? येते, आणि माझ्या दृष्टीने तोच अधिक सुबक मार्ग आहे. रबरी बंपरच्या एमजीबीची पुढची बाजू उंच करताना कारखान्याने पुढच्या आडव्या तुळईची घडणच बदलली होती. म्हणून अशा गाडीला क्रोम बंपरच्या काळातली तुळई बसवली तर सांगाडा साधारण इंचभर खाली येतो, आणि भुजांचे कोन, ठोकळ्यापर्यंतचा वाव, स्प्रिंगची पकड यांपैकी काहीही बिघडत नाही. खर्च जास्त येतो आणि स्टिअरिंग रॅकच्या बैठकीतला फरकही जुळवून घ्यावा लागतो, परंतु त्यात वावाची किंमत मोजावी लागत नाही. असाच विचार अमेरिकेत १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मध्ये, म्हणजे फोर्डच्या मस्टँगवर आधारलेल्या वेगवान गाडीत दिसतो. फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांनी मस्टँगच्या वरच्या भुजेचे सांध्याचे भोक एक इंच खाली पाडण्याचा उपाय काढला होता. त्यात गाडी थोडी खाली आलीच, शिवाय वळणावर बाहेरच्या चाकाचा कोनही सुधारला. आज जुन्या मस्टँगवर हा बदल करणाऱ्यांना तयार साचाच मिळतो.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांपैकी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट ११००, हिच्या पुढच्या बाजूला विशबोन आणि कॉइल स्प्रिंगच असल्याने वरचा बहुतेक हिशेब तिलाही लागू होतो; आकडे मात्र तिच्याच स्प्रिंगवर मोजून घ्यावेत. अ‍ॅम्बॅसेडरच्या पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंग नसते. तिथे लांब पोलादी सळई पिळली जाते, त्यामुळे कापण्याचा प्रश्नच येत नाही. दोन्हींच्या बाबतीत आपल्या रस्त्यांचा विचार इंग्लंडपेक्षा वेगळा करावा लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाची उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर सुचवलेली आहे. प्रत्यक्षात गल्लीबोळांत त्याच उंचीचे, पण हातभर रुंदीचे जे उंचवटे रातोरात उभे राहतात, त्यांच्यावरून ४० मिलिमीटर खाली आणलेली पद्मिनी सायलेन्सर घासल्याशिवाय जात नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याच्या मूळ वर्णनाशी विसंगत होईल. तेव्हा मोठा फेरफार करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घेतलेले बरे.

सगळे जुळवून झाल्यावर मोजमापाची घाई करू नये. जॅकवरून उतरवलेल्या गाडीचे टायर जमिनीवर किंचित आत ओढलेले असतात आणि तेवढ्याने ती खरी उंची दाखवत नाही. ती काही मीटर पुढे-मागे ढकलून, बॉनेटवर दोन-तीनदा दाबून मगच चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. भुजांच्या सांध्यांतले रबरी बुश त्याच वेळी, गाडी चाकांवर उभी असताना पक्के आवळावेत. जॅकवर लोंबत्या अवस्थेत आवळले तर ते रबर कायम पिळलेल्या स्थितीत राहते, गाडीला वर ढकलत राहते आणि लवकर फाटते.

काहीशे किलोमीटर चालवल्यावर पुन्हा मोजले आणि एक बाजू खाली दिसली, तर लगेच त्या बाजूच्या स्प्रिंगला दोष देऊ नये. एमजीबीला आणि पद्मिनीला मागे पाटे आहेत, आणि मागच्या एका बाजूचा पाटा बसला असेल तर त्याचा परिणाम पुढच्या कोपऱ्यावर उमटतो. मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर मध्यावर, डिफरन्शियलखाली जॅक लावून मागची चाके जमिनीपासून किंचित उचलावीत. आता मागचे पाटे गाडीला एका बाजूला झुकवू शकत नाहीत. अशा स्थितीत पुढच्या दोन्ही उंची सारख्या झाल्या तर पुढच्या स्प्रिंगा बरोबर आहेत आणि काम मागे निघाले आहे. फरक तसाच राहिला तर दोन्ही स्प्रिंगा बाहेर काढून शेजारी उभ्या करून पाहाव्यात.